हुंकार न देणारा माणूस

धान्याची रास मापताना मापाऱ्याला कोणी हाक मारत नाही. मधेच बोललं तर आकडा चुकतो, आणि आकडा चुकला की रास पुन्हा पहिल्यापासून मापावी लागते. म्हणून केनवडचा एक गाडीवान शिरपूरच्या बाजारात माझ्या मागे येऊन उभा राहिला आणि ज्वारीची सबंध रास संपेपर्यंत त्याने तोंडातून अवाक्षर काढलं नाही. मी त्याला पाहिलं होतं. वाटलं, याचंही धान्य असेल, आपली पाळी यायची वाट पाहतो आहे. शेवटचं माप पोत्यात ओतून मी कंबर सरळ केली, तेव्हा तो म्हणाला, "मापारीबुवा, तुमच्या बहिनीचे मालक वारले. किसनराव. सकायी न्याहारी केली, ओट्यावर येऊन बसले, अन् बसल्या जागीच..."

मी रिकाम्या पोत्यावर बसलो. गाडीवान म्हणाला, "बैलं सोडले नाईत मी. चालता का?" त्याच्याच गाडीने केनवडला गेलो. वाटेत तो किसनरावांबद्दल बोलत होता आणि मी हं, हं म्हणत होतो. बऱ्याच वेळाने माझ्या ध्यानात आलं की असा हुंकार किसनराव देत नसत. कोणालाच देत नसत.

आमच्या वऱ्हाडात कोणी काही सांगू लागला की ऐकणाऱ्याने हुंकार द्यायचा असतो. गोष्ट असो, तक्रार असो, शेताच्या धुऱ्याचं, बांधाचं भांडण असो, वाक्य संपलं की समोरच्याने "हं" म्हटलंच पाहिजे. हुंकार थांबला की सांगणारा थांबतो आणि विचारतो, "झोपला काय बे?" किसनराव हे कधी करत नसत. डोळे सांगणाऱ्याच्या तोंडावर लावून, मान किंचित तिरपी धरून ऐकत. पण ओठ मिटलेले. दोन वाक्यांनंतर सांगणारा अडखळे, चार वाक्यांनंतर उठून जाई. "भिताडाशी बोलाव तं बरं," असं गाव म्हणे.

माझी धाकटी बहीण गोदा हिला पाहायला ते आमच्या घरी आले, ती पहिली मोठी लढाई संपल्यानंतरची गोष्ट. इराकातल्या बसऱ्याच्या आघाडीवरून परतून त्यांना फार दिवस झाले नव्हते. घरी शेती होती, माणूस निर्व्यसनी होता. वडिलांनी आपलं घराणं, विहीर, आजोबांचा पराक्रम असं सगळं सविस्तर सांगितलं. पाहुण्याकडून हुंकार नाही. वडील आत येऊन म्हणाले, "पोराचे कान पाहून घ्या आधी. बहिरा हाये वाट्टे." मामा हळूच त्यांच्या पाठीमागे गेले आणि हातातली पितळी फरशीवर टाकली. किसनराव एका झेपेत भिंतीशी गेले आणि दोन्ही हात डोक्यावर धरून खाली बसले. मग हळूच उठले, धोतर झटकलं, आणि पितळी उचलून मामांच्या हातात दिली. कान शाबूत आहेत एवढं ठरलं. बाकीचं त्या दिवशी कोणी विचारलं नाही.

गोदाने पुढे त्यांच्याशी पुष्कळ भांडून पाहिलं. माझ्यासमोरच एकदा म्हणाली, "लाकडाले घुन लागला तं तोही कुरकुर करते. तुमच्यानं तेवढंही होत नाई."

"मी ऐकून राह्यलो ना," किसनराव म्हणाले. "कान काय तोंडात असतात?"

"मंग मले कसं समजाव, ऐकून राह्यले म्हून?"

"परवा मीठ संपलं म्हनली होती. आनलं ना?"

मीठ खरंच आणलेलं होतं. गोदाला हसू आलं, पण ती आत जाऊन हसली.

लढाईहून आलेला माणूस म्हणून सुरुवातीला गाव त्यांच्याभोवती जमे. ते सांगतही. मी केनवडला गेलो की मीही ऐके, आणि माझा धंदाच मापाचा असल्यामुळे माझ्या एक गोष्ट लक्षात आली. लढाईच्या गोष्टी दरसाल वाढतात, असा माझा अनुभव आहे. यांच्या दरसाल घटत होत्या. पहिल्या वर्षी तोफांची रांग होती, शत्रूचा घोडेस्वार होता, बुडालेली आगबोट होती. पुढच्या वर्षी आगबोट गेली. मी विचारलं तर म्हणाले, "ते आमच्या हवालदारानं पाह्यलं होतं. मी नाई पाह्यलं." मग घोडेस्वार गेला. मग तोफांची रांगही राहिली नाही, नुसता आवाज राहिला. "आवाज मी सोता ऐकला. तोफा काई मोजल्या नाईत, साळेबुवा." ओली ज्वारी उन्हात टाकली की वजनाला घटते, पण मग ती वर्षभर टिकते. तसं काहीसं ते करत असावेत. लोकांना मात्र त्यात गोडी राहिली नाही. ओटा हळूहळू रिकामा झाला.

शेवटी काय उरलं होतं, ते त्यांनी मला एकट्याला सांगितलं. लग्नाला पुष्कळ वर्षं झाली होती. अवेळी पाऊस पडून गेला होता आणि तुरीचं नुकसान पाहायला आम्ही त्यांच्या शेतात गेलो होतो. काळी माती वहाणांना चिकटून पाय जड झाले, तेव्हा धुऱ्यावर बसलो. ते काडीने वहाणेची माती खरवडत होते. म्हणाले, "तिकडं बी असाच चिखल होता." मी सवयीने "हं" म्हटलं. त्यांची काडी थांबली.

"हं म्हनू नको. ऐकाचं असन तं गप ऐक."

मी गप्प बसलो आणि त्यांनी सांगितलं. मी माझ्या शब्दांत लिहितो, पण त्यांनी सांगितलं त्याहून जास्त घालत नाही.

बसऱ्याच्या पुढे, नदीकाठच्या उघड्या मैदानात त्यांची पलटण सकाळी पुढे निघाली. समोर तुर्कांचे खंदक होते. आदल्या रात्रीच्या पावसाने चिखल झालेला. पाय काढायला वेळ लागे. समोरून मशीनगन सुरू झाली आणि जो जिथे होता तो तिथे पालथा पडला. डोकं वर केलं की गोळी येई. मागे जाता येईना, पुढे जाता येईना. अंधार पडेपर्यंत ते गालावर चिखल घेऊन तसेच पडून होते. हाताच्या अंतरावर दुसऱ्या पलटणीचा एक शिपाई पडला होता. त्याला पोटात लागलं होतं. मान वळवता येत नसल्यामुळे त्याचं तोंड यांना दिसत नव्हतं; दिसत होता फक्त त्याचा कान. कानात बारीकशी बाळी होती. तो आधी दोन शब्द हिंदुस्थानीत बोलला, पाणी मागितलं. यांनी बाटली सरकवली. मग तो आपल्या गावच्या बोलीत शिरला आणि बोलतच राहिला.

"कोन्या पहाडातला असन," किसनराव म्हणाले. "मले एक अक्षर समजे नाई. पन तो सांगून राह्यला होता ना साळेबुवा. आपल्याकडं सांगनाऱ्याले हुंकार द्या लागते. माह्या मायनं तेच शिकवलं. म्हून मी हं म्हनत गेलो. तो थांबे, मी हं म्हनो, तो पुढं सांगे. मी हं म्हनलो नाई तं तो चूप होईन, अन् चूप झाला तं मरन, असं मले वाटे. दिवसभर चाललं तसं."

त्यांनी काडी दुसऱ्या वहाणेला लावली.

"दिवस बुडता बुडता त्याचा आवाज बदलला. नेट लावून एक एक शब्द बोले. काईतरी इचारून राह्यला होता, नाई तं सोपवून राह्यला होता. माह्या बोटाले धरलं त्यानं. मी हं म्हनलो. त्यानं पुन्हा तेच इचारलं. मी पुन्हा हं म्हनलो. मंग त्यानं बोट सोडलं. समाधान झालं त्याचं." ते काडीकडे पाहत होते. "म्या कायले हो म्हनलं, साळेबुवा? घरी काई पोचवाचं होतं? लेकराइचं काई होतं? तो तं माह्यावर टाकून गेला. अन् मले मालूमच नाई काय टाकलं ते."

त्यानंतर ते कोणालाही हुंकार देत नसत. जे पुरतं कळलं नाही त्याला हो म्हणायचं नाही, आणि समोरच्याचं पुरतं कळलं असं त्यांना बहुधा कधी वाटलंच नाही.

आमच्या शिरपूरला जैनांच्या देवळासाठी लांबलांबचे यात्रेकरू येतात. किसनराव दरवर्षी यात्रेच्या दिवसांत आमच्याकडे मुक्कामाला येत. आम्हाला वाटे, जावई प्रेमाने येतात. ते दिवसभर देवळाच्या वाटेवर, माझ्या ओळखीच्या एका दुकानाच्या पायरीवर बसत. त्या दिवशीच्या धुऱ्यावरच्या बोलण्यानंतर मी नीट पाहिलं, तेव्हा कळलं की ते येणाऱ्याजाणाऱ्यांचे कान पाहत असतात. उत्तरेकडचा कोणी शालवाला, हिंगवाला दिसला की त्याला थांबवत, चहा पाजत आणि त्या शिपायाच्या बोलण्यातले जे दोनचार आवाज लक्षात राहिले होते ते म्हणून दाखवत. समोरचा मान हलवी, हसे, चहा संपवून जाई. एका वर्षी ते पायरीवर नुसतेच बसून राहिले. एक पहाडी माणूस समोरून गेला, तरी उठले नाहीत. मी विचारलं, "काहून? इचारलं नाई?"

"ते आवाज आता त्याचे हायेत का माहे, मले सांगता येत नाई," ते म्हणाले. "इतकी वर्सं तोंडात घोयले. झिजले असतीन. खोटं कसं इचारू?"

तेवढीही एक गोष्ट त्यांनी आपल्या हिशेबातून कमी केली. त्या दिवशी त्या गर्दीत मला ते जितके एकटे दिसले, तितका एकटा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

आता ही दुसरी लढाई चालू आहे. माझा मुलगा वसंता लष्करात मोटार हाकतो. पूर्वेकडे कुठेतरी आहे. कुठे, ते पत्रात लिहू देत नाहीत. यंदा कापसाच्या हंगामापासून त्याचं पत्र नाही. मी वर्तमानपत्रातले आकडे वाचतो. इतके पडले, इतके धरले. आकड्यांवर माझा जन्मभर विश्वास. किसनरावांना मी ते वाचून दाखवत असे, तर ते एकच विचारत, "मोजले कोनं?"

आमची शेवटची भेट त्यांच्या ओट्यावर झाली. ते नेहमीसारखे खांबाला टेकून बसले होते. दुपारची वेळ, गोदा शेतात गेलेली. मी आकडे वाचायला कागद उघडला आणि वाचता येईना. कागद बाजूला ठेवून मी वसंताबद्दल बोलू लागलो. लहानपणी तो गाडीचं चाक कसं फिरवी, भरतीला जाताना त्याने आईला खोटंच कसं सांगितलं की नागपूरलाच राहणार आहे, आई गेल्यावर त्याचं पत्र कसं आलं... मी वाक्य संपवलं, आणि समोरून आवाज आला, "हं."

मी थांबलो. इतक्या वर्षांत तो आवाज मी ऐकला नव्हता. जाड, न वापरलेला आवाज होता.

"थांबू नको," किसनराव म्हणाले. "सांग."

मी सांगत गेलो. ते प्रत्येक वाक्याला हुंकार देत गेले. घरात माझं ऐकणारं दुसरं कोणी उरलेलं नाही हे मला किती लागतं, ते मी त्यांना सांगितलं नव्हतं. त्यांनी ते कसं ओळखलं, मला माहीत नाही. उन्हं ओट्यावरून उतरली तरी मी बोलत होतो. शेवटी मी विचारलं, "येईन ना तो, किसनराव?"

ते माझ्याकडे पाहत राहिले. डोळ्यांत पाणी आलेलं मला दिसलं. पण हुंकार आला नाही. मी पुन्हा विचारलं. त्यांनी माझं बोट धरलं आणि ओठ मिटून बसले. दुसरा कोणीही त्या वेळी हो म्हणाला असता. आल्यागेल्या सगळ्यांनी म्हटलेलंच आहे. त्यातलं एकही हो माझ्याजवळ राहिलेलं नाही. ते धरलेलं बोट तेवढं राहिलं आहे.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर मंडळी बसली होती. खांबाजवळची जागा मोकळी होती. त्यांची पाठ टेकून टेकून खांबाचं लाकूड तिथे गुळगुळीत, काळपट झालं आहे. कोणी बसेना, म्हणून मी बसलो. गोष्टी किसनरावांच्याच चालल्या होत्या. शेजारचे एक म्हातारबुवा रंगात आले होते. "तोफ होती तुर्काची. गड्यानं एकट्यानं ओढून आनली, चिखलातून! साहेबानं पाठ थोपटली." मंडळी हं, हं म्हणत होती. इतकी वर्षं जे त्यांनी एकेक करून काढून टाकलं होतं, ते दोन आठवड्यांत परत येऊन बसलं होतं. म्हातारबुवा माझ्याकडे वळले. "काय मापारीबुवा, तुमाले तं मालूम असन. हाये ना खरं?"

आत गोदा भांडी घासत होती. तिचा राखेने घासण्याचा आवाज थांबला.

मी म्हातारबुवांच्या तोंडाकडे पाहत राहिलो. ते चुळबुळले, मग इतरांकडे पाहून हसले. "या खांबाचंच काई हाये वाट्टे," ते म्हणाले. "टेकला का मानूस मुका होते."

मंडळी उठून गेली. आतून भांड्यांचा आवाज पुन्हा सुरू झाला. मी बराच वेळ खांबाला पाठ लावून तिथेच बसलो होतो.