टायगरचे चार पाय

घरात कुत्रं नको, असं कुंदाबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. त्यामुळे त्याचं सगळं करणं त्यांच्याकडेच आलं. जर्मन शेफर्डला गावभर मिरवायचं काम त्यांच्या नवऱ्याचं, केशोरावांचं. निवृत्त हेडमास्तरांना अर्जुनीत आता कोणी नमस्कार करेना. टायगर सोबत असला की लोक निदान बाजूला तरी होत.

वयाच्या आठव्या महिन्यात टायगर पुढच्या उजव्या पायाने लंगडू लागला. अशक्तपणा, असं केशोरावांनी ठरवलं आणि म्हशीचं कॅल्शियम म्हशीच्याच मापाने त्याच्या दुधात ओतू लागले. बाळंतिणींना मालिश करणाऱ्या सुशीलाबाईंनी पायाला तेल चोळलं. पाच दिवसांत पाय बरा, आणि मागचा डावा दुखरा. त्याला मांत्रिक दुधरामने मंत्रून दोरा बांधला. तोही बरा झाला, मग पुढचा डावा गेला. कुत्रा लंगडतच होता. त्याला बरं करणारे मात्र गावात दोघे झाले होते.

कोणत्या दिवशी कोणता पाय, हे कुंदाबाई कॅलेंडरवर सिलिंडरच्या तारखेशेजारी लिहीत गेल्या.

शेवटी लंगड्या बैलांना डाग देणारा उदाराम आला. "उद्या चारही पायाले एकदाच डागतो, सर. मंग कुठं पळते लंगडणं?"

केशोरावांनी मान डोलावली. टायगरने उदारामचा हात चाटला.

सकाळी चुलीत विळा लाल झाला. टायगरला धरायला बोलावलेल्या कुंदाबाईंनी फडक्यात धरून विळाच उचलला.

"काऊन जी, तुमचा गुडघा तीन वर्षांपासून दुखून राहिला ना? विळा तापलाच आहे. पहिले तुमी बसा."

केशोराव गुडघ्याला हात न लावता उठले. उदाराम हसू दाबत परत गेला.

कुंदाबाईंनी टायगरला ऑटोत घातलं आणि भिंतीवरचं कॅलेंडर काढून घेतलं. जनावरांच्या डॉक्टरांनी हाड दाबताच टायगर कळवळला. एक्स-रे पाहून त्यांनी कॅलेंडर वाचलं.

"बाई, अर्धं निदान तर तुम्हीच करून आणलंत. मोठ्या जातीच्या पिल्लांना वाढीच्या वयात हाडांत सूज येते. आज हा पाय, उद्या तो. वय वाढलं की थांबतं. तोवर दुखण्याची गोळी, आराम आणि मोजून खाणं. कॅल्शियम देतंय का कोणी?"

"हेडमास्तर."

"बंद करा."

काही महिन्यांनी टायगर चारही पायांवर धावू लागला. डॉक्टरकडे न्यायचं आपणच सुचवलं, असं केशोराव सांगतात. दारावरून उदाराम गेला की टायगर शेपूट हलवतो. केशोराव मात्र उदाराम दिसेनासा होईपर्यंत न लंगडता ताठ चालतात.