गिलेमच्या टोपीतली निळी चिंधी

गिलेम दारिगादला त्या गावात कुणी वाईट म्हटलं नसतं. चाळिशीपर्यंत तो दलदलीतून पायांना बांधलेल्या उंच काठ्यांवर चालत मेंढ्या राखायचा. मग दलदल आटवायचा सम्राटाचा कायदा आला, चर खणले गेले, पाणी आटलं आणि कुरणांत पाइनची झाडं उभी राहिली. काठ्या भिंतीला टेकल्या आणि गिलेम झाडांना चिरा पाडून राळ गोळा करू लागला. झाडं गावचे मेयर लासेरसाहेब यांची.

खोटं कशाला बोला, पाण्याबरोबर तापही गेला. त्या तापाने गिलेमच्या दोन मुली नेल्या होत्या. ताप घालवला त्याच सम्राटाने उरलेला एकुलता एक मुलगा, सेवेराँ, मेक्सिकोला धाडला. परक्या देशात आपल्या पसंतीचा राजा गादीवर बसवायची हौस सम्राटाची, आणि मेलं कोण? सेवेराँ. तेही तिकडच्या पिवळ्या तापाने, एकही गोळी न झाडता.

अठराशे सत्तर सालच्या मे महिन्यात सम्राटाने देशाला विचारलं, माझा कारभार मान्य आहे का? 'हो'च्या छापील चिठ्ठ्या मेयरच्या माणसाने घरोघर वाटल्या. 'नाही'ची चिठ्ठी गिलेमच्या बायकोने, मेलिसने, एका फेरीवाल्याकडून मिळवली. बायकांना मताचा हक्क नव्हता. सेवेराँच्या जुन्या सदऱ्याच्या निळ्या चिंधीत तिने ती गाठ मारून बांधली आणि नवऱ्याच्या टोपीच्या अस्तरात खोचली.

"एवढं एक कर," ती म्हणाली. "पोरासाठी."

रविवारी गिलेम मतदानाच्या टेबलापुढे उभा राहिला. चिठ्ठी घडी करून मेयरच्या हातात द्यायची आणि मेयरने ती पेटीत टाकायची, अशी रीत. टोपी त्याने छातीशी घट्ट धरली होती. लासेरसाहेबांनी हात पुढे केला आणि पाइनची झाडं यंदा कशी आहेत, एवढंच विचारलं. धमकी नाही, काही नाही. गिलेमचा हात आपोआप खिशात गेला आणि त्याने घरी वाटलेली 'हो'ची चिठ्ठी दिली.

घरी मेलिसने विचारलं तेव्हा तो म्हणाला, "दिली." तिने जपून ठेवलेलं बदक त्या दिवशी वाढलं. टोपीतली चिठ्ठी चुलीत टाकायचं त्याने दोनदा ठरवलं, पण ती चिंधी पोराच्या सदऱ्याची होती.

सोमवारी सकाळी गावच्या चौकीदाराने ढोल वाजवून निकाल सांगितला: हो, एकशे बासष्ट. नाही, एकही नाही.

मेलिसला नवऱ्याचा संशय आला असता तर बरं झालं असतं. तिला संशय आला मेयरचा. गिलेम "जाऊ दे, जाऊ दे" म्हणत मागे धावला, पण खरं काही तोंडातून निघेना. गाव जमलेलं असताना तिने लासेरसाहेबांना कचेरीच्या पायरीवर गाठलं.

"माझ्या माणसाने 'नाही' दिला होता. माझ्या पोराची चिठ्ठी कुठे गेली?"

मेयरनी फक्त गिलेमकडे पाहिलं. साहेबांची नजर पडली की टोपी उतरायची, ही जन्माची सवय. टोपी उतरली आणि निळी चिंधी पायरीवर पडली.

मेलिसने ती उचलली. तिने मारलेली गाठ तशीच होती. मग मेयरकडे वळून हळू आवाजात म्हणाली,

"माफ करा, साहेब. चूक माझी झाली."