जेवल्यावर बरा होणारा ट्रक

हिंगोलीहून सकाळी आठला निघालो, तेव्हा ट्रकमध्ये माझ्या पुस्तकांची अकरा खोकी होती आणि माझं डोकं आधीच तापलेलं होतं. गोरेगावच्या शाळेत दुपारी प्रदर्शन मांडायचं आणि रात्रीच्या आत परतायचं, असा बेत होता. त्यासाठी भाड्याने मिळाला तो लष्कराच्या लिलावातला, पेट्रोलवर चालणारा जुना ट्रक. हिंगोली नुकताच जिल्हा झाला होता. कचेऱ्यांच्या कोऱ्या पाट्यांसमोरून आम्ही काळा धूर सोडत गेलो.

चालक गौतममामा साठीला टेकलेले, अंगावर स्वच्छ पांढरा शर्ट. डॅशबोर्डखालच्या एका मुठीला त्यांचा चार कप्प्यांचा स्टीलचा डबा टांगलेला होता. माझी नजर गेलेली पाहून ते म्हणाले, "पोरगी नर्स हाय, सुजाता. पयल्या पगारातून आणला. सकाळी उठून सोताच भरती."

शिवारात उकडलेली हळद वाळत पडली होती. तो पिवळा पसारा पाहून मी जरा निवळलो, तोच ट्रक आचके देऊन बंद पडला. केबिनमध्ये पेट्रोलचा भपका आला.

"काहून (का) थांबला?" मीही त्यांच्यासारखं बोलून पाहिलं. मामा हसले नाहीत.

"पंधरा दिस झाले, असंच करून राहिली. तीन मिस्तरी झाले. मालक म्हणले, आज आखरी. नीट होऊन आली न्हाई तर उद्या सकाळी भंगारवाला येतो. ह्या वयात मला दुसरी गाडी कोण देतंय, सर?"

माझी खोकी आणखी एक दिवस थांबू शकत होती.

अर्ध्या तासाने ट्रक सुरू झाला आणि रखडत सेनगावला पोचला. तिथे रशीदभाई मिस्तरींचं पत्र्याचं गॅरेज होतं. त्यांनी प्लग काढले; ते काजळीने काळे झाले होते. "पेट्रोल जास्ती, हवा कमी," ते म्हणाले आणि प्लग घासायला बसले. तेवढ्यात आम्ही बाभळीखाली डबा सोडला. ज्वारीच्या भाकरी, भरली वांगी, शेंगदाण्याची चटणी आणि एका कप्प्यात चक्क शिरा. मामांनी अर्धं माझ्या पुढ्यात सारलं. इतकं चवीने मी त्या दौऱ्यात कुठेच जेवलो नाही.

जेवून डबा धुऊन मामांनी जागेवर टांगला, ट्रक सुरू केला. आवाज एकसारखा, धूर नाही. रशीदभाई खूश झाले. मामा मात्र जागचे हलले नाहीत.

"जेवल्यावर बराबरच ऱ्हाती ती. सकाळी तकलीफ देती."

"जेवल्यावर?" रशीदभाईंनी हातातलं फडकं खाली ठेवलं. "कोण जेवल्यावर? तुमी का गाडी?"

ते केबिनमध्ये चढले आणि त्या मुठीकडे पाहत राहिले. ती चोकची मूठ होती. थंड इंजिन सुरू करताना ती ओढतात, म्हणजे कार्बोरेटरची हवा अडते. इंजिन तापलं की परत आत ढकलतात. रशीदभाईंनी मूठभर पाने (नट आवळायची हत्यारं) उचलले आणि डब्यात टाकायला निघाले.

"पोरीचा डबा हाय तो!" मामा ओरडले.

"दोन मिनिटं, मामू." पाने आत पडले, डबा मुठीवर गेला. मूठ दोन बोटं बाहेर आली, ट्रकने भकाभका धूर ओकला आणि आचके देऊन तो बंद पडला. डबा उचलताच मूठ हळूच आत सरकली.

वीस वर्षं मामा फडक्यातली भाकरी तिथेच टांगत आले होते. चोकची स्प्रिंग कधीतरी सैल झाली, पण फडक्याच्या वजनाने काही बिघडलं नाही. पंधरा दिवसांपूर्वी डबा आला; भरलेला असला की मूठ ओढायचा, जेवून रिकामा झाला की सोडायचा. मी पोट धरून हसलो. मामांचा चेहरा पाहिला आणि माझी मलाच लाज वाटली. त्यांनी पाने एकेक करून बाहेर काढले आणि डबा पुन्हा धुतला.

नवी स्प्रिंग बसली. गोरेगावला तासभर उशिरा का होईना, प्रदर्शन लागलं. येता-जाता डबा माझ्या मांडीवर होता.

दिवेलागणीला हिंगोलीत मालक आपल्या आडत दुकानाच्या पायरीवर उभे होते. "बंद पडली?"

"एकदा पडली. चोकची स्प्रिंग गेलती. नवी टाकली," मामा म्हणाले. मालकांनी स्वतः स्टार्टर मारून पाहिला, मागे जाऊन धूर बघितला आणि म्हणाले, "राहू दे मग." भंगारवाल्याला नको म्हणून निरोप गेला. मामांनी स्टेअरिंगवर कपाळ टेकलं.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "डब्याचं का सांगितलं नाही?"

"मालक सुजाताला सांगतील. मंग ती उद्यापासून डबा कमी भरीन."

दुसऱ्या दिवशी मी परतीच्या एसटीत बसलो होतो. डेपोच्या फाटकासमोरून तो ट्रक गेला, धुराचा मागमूस नव्हता. माझ्या जागेवर तो चार कप्प्यांचा डबा होता, सुतळीने सीटला पक्का बांधलेला. मामांनी मला हात केला आणि तोच हात क्षणभर डब्यावर ठेवला.