बरणीतला फुफाटा

कुणी काहीही सांगितलं की सर उजव्या हाताचं बोट स्वतःच्या डोळ्याखाली टेकवायचे आणि विचारायचे, "पाहिलं का सोत्ता?"

शहागडला उसाचा ट्रक उलटला हे सांगायला गेलो, तरी हेच.

"न्हाई सर, पानवाला सांगून राह्यल्ता."

"मंग 'उलटला' म्हणू नका डॉक्टर. 'उलटला म्हणतात' म्हणा. बराबर?"

ट्रकची हळहळ बाजूला राहायची आणि आपण वाक्य दुरुस्त करत बसायचो. असा एखादा माणूस तुमच्याही गल्लीत असेल. असेल म्हणतो, मी काही पाहिलेला नाही.

'डॉक्टर' ऐकून फसू नका. कुंभार पिंपळगावात जनावरांच्या दवाखान्यात मी पशुधन पर्यवेक्षक होतो. गावाच्या लेखी डॉक्टर. घरात मात्र मला आजवर कुणी डॉक्टर म्हटलेलं नाही; बायको साधी सर्दी झाली तरी दुसऱ्याला विचारते.

सर हायस्कुलात विज्ञान शिकवायचे आणि आमच्या दवाखान्यामागच्या घरात भाड्यानं राहायचे. पोरं आपापल्या नोकऱ्यांवर बाहेरगावी, घरात सर आणि काकू दोघंच. वर्गात अणू आला की सरांची पंचाईत व्हायची. "मधल्या केंद्राभोवती इलेक्ट्रॉन असतात म्हणतात. त्यांच्यावर ऋण भार असतो म्हणतात." पोरांनी सहामाहीच्या पेपरात तस्संच लिहिलं. पेपर तपासणाऱ्या दुसऱ्या मास्तरांनी मार्क कापले. मुख्याध्यापकांनी सरांना बोलावून विचारलं, पुस्तकात छापलंय त्यावरही तुमचा भरवसा नाही का? सर म्हणाले, "भरवसा हाय साहेब. लिहिणाऱ्यानं पाहिलं असंल. मी न्हाई पाहिलं, एवढंच."

चुंबकाच्या धड्याला मात्र त्यांना असला संकोच नसे. फुटक्या भोंग्यातलं चुंबक घेऊन ते गोदावरीच्या वाळूत फिरवायचे आणि त्याला चिकटलेली काळी रेती डबीत भरून आणायचे. ती कागदावर पसरायची, खाली चुंबक धरायचं, कागदाला टिचकी मारायची. रेती कमानी करून उभी राहायची. मग खिळ्याला तारेचे वेढे, तारेला सेल. करंट चालू असेपर्यंत खिळा टाचण्या उचलणार, सेल काढला की टाचण्या खाली. "करंट दिसला का? न्हाई. टाचण्या दिसल्या." एवढ्यावर ते खूश.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. एका दुपारी मी दवाखान्यात द्रवरूप नायट्रोजन ओतत होतो. गायी-म्हशींच्या कृत्रिम रेतनासाठी वळूच्या वीर्याच्या कांड्या त्यात बुडवून गोठवलेल्या ठेवतात. जालन्याहून जीप यायची आणि आमचा कंटेनर भरून जायची. ओतताना पांढरी वाफ जमिनीवरून सरपटते. सर दारात उभं राहून ती वाफ बघत होते. गाय नाही, म्हैस नाही, सर इकडं कसे, असं माझ्या मनात आलं.

"डॉक्टर, तांब्याभर देता का? थर्मास आणलाय."

पुस्तकात त्यांनी वाचलं होतं. बरणीत स्पिरिटची वाफ करायची, बूड बर्फाहून कितीतरी थंड करायचं, म्हणजे त्या वाफेतून अणूतला कण गेला की त्याच्या मागं बारीक पांढरी रेघ उमटते. मला काही कळलं नाही. सरांनी समजावलं, "एसटी बाभळीआड असती, दिसत न्हाई. पण तिचा धुळीचा फुफाटा दिसतो ना?"

"म्हणजे सर, शेवटी फुफाटाच. एसटी न्हाईच दिसायची."

"चालतंय. बैलगाडीचा फुफाटा न्हाई, एसटीचाच हाय, एवढं तर कळतं."

मग थर्मास माझ्या हातात देऊन हळू आवाजात म्हणाले, "जालन्याला गेल्तो. काचबिंदू निघाला. बाजूचं दिसणं गेलं, ते काही परत येत न्हाई. मधलं हाय थोडं. ते हाय तोवर एकदा बघायचंय."

नायट्रोजन ठेवला तरी उडूनच जातो, तेव्हा जीप आली की तांब्याभर सरांचा, असं ठरलं. स्पिरिटही आमचंच. लोखंडी जाड पत्रा त्यांनी जालन्याच्या एमआयडीसीतून कापून आणला आणि फळ्याचा काळा रंग देऊन टाकला. बरणी काकूंच्या लोणच्याची, काचेची. आणि कण? ते लग्नातल्या गॅसबत्तीच्या जाळीतून. त्या पांढऱ्या जाळीत एक धातू असतो, तो आपोआप कण फेकत बसतो. गावात बातमी अशी फिरली की सर वळूचं काहीतरी घरी नेतात आणि दार लावून घेतात. काकूंना नळावर बायका काय काय विचारायच्या, ते काकूंनी मला कधी सांगितलं नाही.

पहिल्या खेपेला बरणीत नुसतं धुकं झालं. दुसऱ्या खेपेला पत्रा इतका गार पडला की सगळं गोठून बसलं. तिसऱ्या जीपपर्यंत सरांच्या नजरेच्या दोन्ही बाजूच्या भिंती आणखी जवळ आल्या होत्या. दारातून जाताना खांदा चौकटीला लागायचा.

त्या दिवशी भर दुपारी त्यांच्या बिनखिडकीच्या धान्याच्या खोलीत आम्ही बसलो. नायट्रोजननं गार केलेल्या पत्र्यावर बरणी उपडी, मधोमध जाळीचा तुकडा. मी बाजूनं बॅटरी धरली. आणि खरंच, त्या तुकड्यातून पांढरा दोरा सुटावा तशी रेघ सुटली आणि विरली. मग दुसरी.

"सर, ती बघा, डावीकडं!"

सरांनी मान वळवली, तोवर ती विरली. "आता इकडं. ही, ही." पुन्हा मान. मी दाखवणार, ते शोधणार, रेघ जाणार. त्यांच्या कपाळावर घाम आला. बॅटरी माझ्या हातात नसती तर मी तिथून उठूनच गेलो असतो.

काकू दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "अवो, त्यांच्या मागं काय पळून राह्यलात? त्या जाळीतूनच निघतात ना?"

"हां."

"मंग तिच्या दारातच बसा की. येतील तशा येतील."

त्या मागं येऊन बसल्या. रोज डोळ्यात थेंब टाकताना धरत तसंच दोन्ही हातांनी त्यांचं डोकं धरलं आणि त्या तुकड्यासमोर आणलं. "आता बिलकुल हलू नका."

सर हलले नाहीत. बराच वेळ काही झालं नाही. मग अगदी लहान आवाजात ते म्हणाले, "आली." थोड्या वेळानं, "ही दुसरी." डोळ्यातून पाणी गळायला लागलं. काकू म्हणाल्या, "जरा मिटा." "मिटल्यावर जाईल ती," सर म्हणाले.

"सर, हाच का तो इलेक्ट्रॉन?" मी विचारलं. काहीतरी विचारायला हवं होतं.

"न्हाई, ह्याला अल्फा म्हणतात. पण त्याच घरातला." मग मागं हात करून ते म्हणाले, "ये, आता तू बस."

"तव्यावर भाकर हाय माझी," असं म्हणून काकू उठल्या. त्या परत येईपर्यंत नायट्रोजन उडून गेला होता आणि बरणीत काही उरलं नव्हतं.

सर निवृत्त झाले. मधलं दिसणंही गेलं. पुढं एक दिवस काकूंच्या हाताला धरून ते दवाखान्यात आले, थर्मास पुढं केला. मी बोलून गेलो, "आता कशाला सर?" आणि लगेच जीभ चावली.

सर काकूंच्या दिशेनं मान हलवून म्हणाले, "हिनं कुठं बघितलंय?"

सर जाऊन आता बरीच वर्षं झाली. मी ही गोष्ट सुरू केली की आमच्या घरातली पोरं हळूच उठून जातात. पण मला अजून ती खोली जशीच्या तशी दिसते. सरांनी सगळं चाचपून मांडलं. बरणीत आतून बसवायची स्पिरिटमध्ये भिजवलेली पट्टी बोटांनी दाबून बघितली, जाळीचा तुकडा मधोमध ठेवला, बरणी पालथी घातली. नायट्रोजन मात्र मीच ओतला, तेवढं त्यांनी मला करू दिलं. काकू पदर खोचून समोर बसल्या. त्या दिवशी त्यांनी चूल पेटवलीच नव्हती.

मी बॅटरी लावली. काकू बरणीवर वाकल्या.

"काय दिसून राह्यलंय?" सर म्हणाले.

काकूंनी नाक काचेला टेकवलं.

"अगं, बोल की. आली का? जाड हाय का बारीक? कुणीकडं गेली?"

"थांबा वो जरा," बरणीवरून नजर न काढता काकू म्हणाल्या, "बघू तर द्या."

सर हात मांडीवर ठेवून, काकूंचा आवाज आला तिकडं चेहरा करून, वाफ संपेपर्यंत तसेच बसले.