पेटून उठा, असं कुणाला सांगणार

देवळाली कॅम्पात तोफांचा सराव सुरू झाला की आमच्या खिडक्यांची तावदानं थरथरतात. आई म्हणते, "आज सराव दिसतोय," आणि शिवत राहते. मी मात्र मोठ्या शब्दांत वाढले. कष्टकऱ्यांच्या संघटनेत पत्रक लिहायला शिकले ती आगीच्याच भाषेत. ठिणगी, वणवा, धगधगता असंतोष, आणि शेवटी ठळक अक्षरांत 'पेटून उठा'. अशी पत्रकं नाशिकच्या बसस्टँडवर गठ्ठ्यानं वाटली आहेत मी.

मग एका उन्हाळ्यात बाजारातली आमची टपऱ्यांची ओळ जळाली. भर दुपारी, वायरीमुळे. त्यात आईची टपरी होती. जवानांच्या वर्दीवर ती नावाच्या पट्ट्या आणि बिल्ले शिवून देते. माणसं वाचली. आईनं कशीबशी मशीन ओढून काढली. शेजारच्या चावीवाल्या चाचांच्या चाव्यांचा एकच काळा गोळा झाला.

दुसऱ्या दिवशी पेपरात कोपऱ्यात दोन ओळी: 'किरकोळ आग, जीवितहानी नाही.' त्याच पानावर एका क्रिकेट संघानं दुसऱ्याचा 'धुव्वा' उडवला होता आणि शेअर बाजारात 'हाहाकार' माजला होता. मला संताप आला, अजून येतो. टीव्हीवर कुठल्याशा देशातलं शहर बॉम्बखाली 'बेचिराख' होतं, आणि तोच निवेदक त्याच आवाजात सामन्याकडे वळतो. खेळावर हे शब्द उधळल्यावर माणसं मरतात तेव्हा काय म्हणायचं? आणि ज्यांचं रोजचं पोट जळालं, ते किरकोळ.

आमच्या ओळीत जागेचा नियम एकच. रोज सकाळी जिथे तुमची भवानी होते, पहिलं गिऱ्हाईक येतं, पहिली नोट कपाळाला लागते, ती जागा तुमची. थोडे दिवस भवानी चुकली की तिथे दुसऱ्याची गाडी उभी राहते. त्यात बाजाराची जागा ज्यांच्या ताब्यात आहे त्या नाशिकच्या कचेरीला तिथे पार्किंग करायचंय, अशी कुजबुज आधीपासून होतीच.

संध्याकाळी सगळे जमले तेव्हा मी पत्रक वाचून दाखवलं. "अग्नितांडवात कष्टकऱ्यांची राखरांगोळी! अवघी ओळ बेचिराख! बंधूंनो, पेटून उठा!"

चाचा म्हणाले, "बेटा, अजून पेटायचं काही राहिलंय का आपलं?"

सगळे हसले. आई हसली नाही. "राखरांगोळी दुसऱ्याची होवो म्हणतात, भांडणात. आपल्या दुकानाला आपल्या तोंडानं असं लावू नये."

"आई, ही अंधश्रद्धा आहे."

"असू दे. पण सगळं बेचिराख झालं म्हणतेस, मग तिथं उरलं काय? मोकळी जागा. मोकळ्या जागेवर गाड्या लावतात, बाई."

मी विषय मोर्चावर नेला. उद्या सकाळी सगळ्यांनी नाशिकला कचेरीवर जायचं.

"सकाळी भवानी असते," चाचा म्हणाले.

"अख्खी ओळ गेली आणि तुम्ही एका भवानीचं काय घेऊन बसलात?"

"ओळ गेलीय म्हणूनच," आई म्हणाली.

मोर्चा निघाला नाही. सकाळी आईनं राख झाडली, पाणी शिंपडलं, विटांवर मशीन टेकवली, वर छत्री बांधली. चाचांनी गोणपाट अंथरून कानस आणि घरी उरलेल्या कोऱ्या चाव्या मांडल्या. बाकीचेही आपापल्या काळ्या चौकोनात बसले. तेवढ्यात कचेरीतले साहेब दोन माणसं आणि मापाचा टेप घेऊन आले.

"सगळं जळून खाक झालं असं कळलं होतं. मग ही मंडळी इथे कशी?"

टेप मशीनच्या पायाशी आला. आई उठली नाही. "साहेब, जरा थांबा. भवानी होऊ द्या."

साहेब थांबले. भवानीच्या आड येणारा माणूस या बाजारात मला तरी भेटलेला नाही. एका जवानाची बायको शर्ट घेऊन घाईघाईनं आली. "काकू, उद्या परेड आहे, एवढं नाव लावून द्या ना." मशीन चालली. टेपवाला टेप धरून उभाच. आईनं नोट कपाळाला लावली. तोवर पलीकडे चाचांची कानस सुरू झाली होती, आणि ओळीच्या टोकाला कुणीतरी केळ्यांचा भाव करत होतं.

साहेबांनी ओळ या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. "गुंडाळा," ते टेपवाल्याला म्हणाले. "चालू धंद्यावर माप कसं टाकणार? पावसाळा उलटल्यावर बघू."

मी तिथेच नवं पत्रक लिहिलं: 'ओळीला आग लागली. वायरी कचेरीनं बदलाव्यात. आम्ही त्याच जागेवर बसलो आहोत, कामं घेऊन या.' जुन्या पत्रकातला 'अग्नितांडव' हा शब्द खोडला. तो मी मेलेल्यांसाठी राखून ठेवलाय, आणि पेपरवाल्यांनीही ठेवावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

आईनं वाचलं, मान हलवली. "पावसाळ्यानंतर म्हणाला ना तो? मग त्याआधी वर पत्रे चढायला हवेत," ती म्हणाली, आणि पुढची वर्दी सुईखाली सरकवली.