गच्चीवरच्या तंबूतला मिरच्यांचा मुक्काम

या उन्हाळ्यात आमच्या सोसायटीच्या गच्चीवर एक तंबू होता आणि त्यात मी सोडून सगळे राहत होते.

तंबू माझा होता. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे वाचताना तुम्हीही ते विसराल. आमच्या घरात तर सगळे विसरलेच!

सुरुवात वृंदाने केली. वृंदा, शुभा आणि मी शाळेपासूनच्या मैत्रिणी. आता वृंदा बोरिवलीला, शुभा घाटकोपरला आणि मी मुलुंडला, त्यामुळे आमची मैत्री बहुतेक मोबाइलवरच नांदते. ग्रुपचं नाव 'उन्हाळी उनाडक्या'. त्यात उनाडक्या करते एकटी वृंदा. दर रविवारी भल्या सकाळी कुठल्या तरी डोंगराच्या टोकावरून तिचा फोटो येतो. डोक्याला रुमाल, हातात काठी आणि खाली 'उठलात का गं?' असा खोचक प्रश्न. शुभा घरगुती बातम्या देते. 'माठ आणला.' 'माठ गळतोय.' 'माठवाला म्हणतो, गळतोय म्हणूनच गार होतोय.' आणि मी? मी दोघींच्या खाली 'वा!' लिहिते. गेली कित्येक वर्षं माझं ग्रुपमधलं काम तेवढंच.

मे महिन्यात वृंदाने जाहीर केलं की महिनाअखेरीस काजवे बघायला सह्याद्रीत जायचं आणि तंबूत राहायचं.

"मी येणार!" मी ताबडतोब लिहिलं.

"तू?" तिकडून आलं. नुसतं 'तू' आणि पुढे प्रश्नचिन्ह! पाठोपाठ दुसरा बाण. "अलके, तंबूत पंखा नसतो यार. तुला नाही जमणार."

माझं डोकंच सणकलं. शाळेत खो-खोच्या संघात मी होते. ही बाई तेव्हा मैदानाच्या कडेला बसून चिंचा चोखायची! आणि आता मला सांगतेय जमणार नाही म्हणून! मी फणकाऱ्याने लिहिलं, "जमवून दाखवते." झालं! वृंदाने लगेच अट घातली. प्रत्येकीने स्वतःचा तंबू आणायचा, घरी उभारून बघायचा आणि आत बसून व्हिडिओ कॉलवर दाखवायचा. नाही दाखवला तर काजवे रद्द. (म्हणजे आपले. काजवे बिचारे चमकणारच.)

शुभाने दुसऱ्याच दिवशी हॉलमध्ये, पंख्याखाली, सोफा सरकवून तंबू उभारला आणि आत बसून कोकम सरबत पिऊन दाखवलं. ते वृंदाला चाललं! मी मात्र म्हटलं, करायचं तर नीट. मी तंबू विकत आणला आणि नवऱ्याला, सतीशला, घेऊन गच्चीवर गेले. सूचनांचा कागद सतीशने उलटा धरला होता, तरी तंबू सुलटा उभा राहिला. वरचं कापड काढून ठेवलं की खाली नुसती बारीक जाळी आणि पुढे चेन लावायचं दार. झकास! मी कमरेवर हात ठेवून त्याच्याकडे बघत उभी राहिले.

तेवढ्यात सासूबाई आल्या.

सासूबाई मालवणकडच्या. दर उन्हाळ्यात आमच्याकडे येतात, येताना फणस आणतात आणि गच्चीवर वाळवणाचा कारखाना काढतात. सांडगी मिरच्या, फणसपोळी, कोकमं. त्यांचं खरं वैर कावळ्या-कबुतरांशी. दिवसभर हातात काठी घेऊन गच्चीवर पहारा द्यावा लागतो, आणि तो पहारा बऱ्याचदा माझ्याकडे येतो.

त्यांनी तंबूभोवती एक प्रदक्षिणा घातली. जाळी चिमटीत धरून पाहिली. वाकून आत पाहिलं. मग त्यांच्या चेहऱ्यावर जे तेज आलं, ते माझ्या लग्नातसुद्धा आलं नव्हतं.

"अगो बाय! ह्यात कावळो शिरूचो नाय!"

संध्याकाळी मी वर गेले तेव्हा तंबूत मिरच्यांची तीन ताटं होती. दही, मेथी आणि हिंग भरलेल्या मिरच्या अंग पसरून पडल्या होत्या, आणि माझी नवी कोरी चटई त्यांच्या खाली होती!

"आई, हा माझा तंबू आहे," मी म्हटलं.

"मगे? मी खंय म्हणतंय माजो म्हणान?" सासूबाई शांतपणे म्हणाल्या आणि चौथं ताट आत सरकवलं.

सतीशकडे दाद मागितली, तर तो म्हणे, "राहू दे ना चार दिवस. तशीही तू कुठे लगेच झोपणार आहेस त्यात?" पाहा! हासुद्धा त्यातलाच!

बातमी जिन्याने खाली गेली. दुसऱ्या मजल्यावरच्या हंसाबेन वर आल्या. "अलकाबेन, बस, थोडा खिचिया पापड ठेवते हां तुमचा तंबूमदी." त्यांच्या मागून कोणाचे साबुदाण्याचे पापड आले, कोणाच्या कुरडया आल्या. आठवडाभरात तंबूत पाय ठेवायला जागा उरली नाही. जिन्यात भेटणारी प्रत्येक बाई मला "तंबू फार छान हो तुमच्या सासूबाईंचा," असं सांगून जायची. मी दात ओठ खात "थँक्यू" म्हणायचे.

इकडे वृंदाचा तगादा. "अलके, रविवारी संध्याकाळी पाच वाजता व्हिडिओ कॉल. शेवटची संधी!"

रविवारी मी सासूबाईंना निक्षून सांगितलं, "आज तंबू रिकामा हवा."

"तुजा काम किती येळाचा?"

"पाच मिनिटांचं."

"मगे ह्येंका कित्याक हलवूचा? तू बस एका कोपऱ्यात. आनी पाय पसरू नको!"

अशी मी माझ्याच तंबूत पाहुणी म्हणून शिरले. डावीकडे फणसपोळी, उजवीकडे खिचिया, मागे मिरच्या, आणि मधे गुडघे छातीशी घेऊन मी. सतीशच्या फोनचा कॅमेरा बरा, म्हणून त्याचा फोन घेतला होता आणि माझा घरी चार्जिंगला लावला होता. वृंदाला तसं सांगूनही ठेवलं होतं. ठरल्याप्रमाणे फोन वाजला. पडद्यावर एका चौकोनात वृंदा, दुसऱ्यात शुभा.

"अरे वा!" वृंदा म्हणाली. "पण दार उघडं दिसतंय. चेन लाव ना! डोंगरात काय दार उघडं टाकून बसणार आहेस?"

मी ऐटीत खर्रकन चेन लावली.

दिवसभर तापलेली गच्ची, बंद दार आणि पाठीशी मिरच्या. आधी नाक चुरचुरलं. मग डोळ्यांतून धारा लागल्या. मग पहिली शिंक आली, आणि तिच्या मागून तिचं सगळं गणगोत आलं.

"रडतेस काय गं?" शुभा घाबरली.

"छे! हवा... हाक्छी!... मोकळी हवा सोसत नाही एकदम!"

"तुझ्या मागे ते काय आहे? मिरच्या आहेत?" वृंदाने डोळे बारीक केले.

आता बाहेर पडलेलं बरं, म्हणून मी चेन ओढली. चेन वीतभर उघडली आणि थांबली. पुढे जाईना, मागे येईना! निरखून पाहिलं, तर चेनच्या दातांत फणसाचा रस. सासूबाई ताटं आत सरकवताना रस सांडला होता आणि वाळून डिंकासारखा घट्ट बसला होता. बरक्या फणसाचा रस तो! त्याच्यापुढे चेन काय टिकणार?

मी हाका मारल्या. पण आमच्या बिल्डिंगमध्ये मे महिन्यात सगळे खिडक्या लावून एसीत बसतात. सतीशला फोन करावा, तर सतीशचा फोन माझ्याच हातात, आणि व्हिडिओ कॉल तोडला तर वृंदा नापास करणार! शेवटी सगळा अभिमान गिळून मी म्हटलं, "शुभा, माझ्या नंबरवर फोन कर. सतीशला वर पाठव. मी अडकलेय."

शुभा कॉलमधून गेली आणि मिनिटभरात परत आली.

"अगं, सतीशने उचलला. म्हणाला, 'अलका घरी नाही, गच्चीवर तंबूत बसलीय, नंतर करा.' आणि ठेवला!"

"परत कर!"

परत केला. या वेळी म्हणे तो म्हणाला, "अहो, सांगितलं ना एकदा, तंबूत आहे!" तिसऱ्या वेळी शुभा, जी आयुष्यात रिक्षावाल्यावर ओरडली नाही, ती माझ्या नवऱ्यावर ओरडली. तेव्हा कुठे तो वर आला. सोबत सासूबाई, आणि आरडाओरडा ऐकून हंसाबेन.

सतीशने परिस्थिती पाहिली. "कात्री आणतो. जाळी कापू."

"तंबू फाडूचो नाय!" सासूबाई कडाडल्या. "कापलंस तर कावळे शिरतले!"

"आई, मी आत आहे!" मी शिंकत ओरडले.

"दिसता माका. आधी फणसपोळी भायर दी. मगे मिरच्यो."

"आणि मी?"

"तू थंयच ऱव. तुका काय बुरशी धरूची नाय!"

मी खरंच सांगते, मला रडू येत होतं आणि त्यातलं निम्मंच मिरच्यांमुळे होतं. वीतभर फटीतून मी एकेक ताट तिरकं करून बाहेर देत होते. बाहेर हंसाबेन "संभाळून, संभाळून!" म्हणत होत्या, आणि ते माझ्यासाठी नव्हतं, खिचियासाठी होतं. तंबूतली प्रत्येक वस्तू सुखरूप सुटली. मग सासूबाईंनी खोबरेल तेलाची वाटी मागवली, चेनला तेल चोळलं आणि सर्वांत शेवटी मी बाहेर आले. फोन अजून चालूच होता. वृंदा हसून हसून पलंगावर आडवी झाली होती.

दुसऱ्या दिवशी दोघी मुलुंडला आल्या. माझी तब्येत बघायला म्हणे! पिशवीत रिकामे डबे होते. सासूबाईंनी त्यांना दहीभाताबरोबर मिरच्या तळून वाढल्या, डबे भरून दिले आणि मी खुर्चीत धुमसत बसले.

"काय गं, पास की नापास?" शेवटी मीच विचारलं. "मला न्यायचंच नसेल तर सरळ सांग ना! या परीक्षा कशाला?"

वृंदाने घास खाली ठेवला. "वेडी आहेस का? दर वर्षी तू 'येणार' म्हणतेस. आणि आदल्या दिवशी कधी पाहुणे, कधी पापड. दर वर्षी तुझी जागा रिकामी जाते. म्हटलं, चिडलीस तर येशील."

राग तर होताच, पण तो आता ठेवायचा कुठे, हा प्रश्न पडला.

"तंबूचं काय?" शुभाने विचारलं.

सासूबाईंनी हातातलं ताट खाली ठेवलं नाही, पण कान इकडेच होते. वृंदा त्यांच्याकडे बघून हसली. "काकू, तुमचा तंबू राहू दे इथेच. ही माझ्या तंबूत येईल."

तुमचा तंबू! पण काजवे महत्त्वाचे होते.

आणि मी गेले! झाडंच्या झाडं लुकलुकताना पाहिली, वृंदाचा हात घट्ट धरून पाहिली, आणि खरंच सांगते, सगळं विसरले. मग झोपायची वेळ झाली आणि आम्ही तिघी वृंदाच्याच तंबूत शिरलो. वृंदाने चेनला हात घातला.

"लावू?"

"अजिबात नाही!" मी म्हटलं. "अर्धी उघडी राहू दे. माणसाने एकदा ठेच लागली की शहाणं व्हावं."

सकाळी वृंदा आणि शुभा ताज्यातवान्या उठल्या, कारण त्यांनी मला दाराशी झोपवलं होतं. रानातल्या डासांना तेवढं पुरलं.

घरी आले तेव्हा सासूबाईंनी दार उघडलं. माझे सुजलेले गाल, कपाळावरची टेंगळं, खाजवून लाल झालेली मान त्यांनी शांतपणे न्याहाळली. मग त्यांनी वर, गच्चीच्या दिशेने बोट केलं.

"माज्या मिरच्यांक बग. इतके दिस तंबूत ऱवल्यो, एक माशी लागूक नाय!"

मी गुपचूप कॅलामाइन लोशन शोधायला गेले. तंबूत कसं राहावं, ते आमच्या घरात फक्त मिरच्यांना कळतं.