होडीची हरवलेली मोटर

पोलीस खात्यातल्या नोकरीत खून, दरोडे पुष्कळ पाहिले. त्यांतले बरेच आता डोक्यात एकमेकांत मिसळून गेले आहेत. ज्यात शेवटी चोरीच निघाली नाही, असं एक प्रकरण मात्र जसंच्या तसं आठवतं.

दुसरं महायुद्ध नुकतंच संपलं होतं. लष्कराचा शिल्लक माल लिलावात निघत होता आणि हाती पैसा असलेले लोक त्यातून काय काय उचलत होते. मी तेव्हा कोहमाऱ्याच्या फाट्यापुढच्या एका ठाण्यावर सब-इन्स्पेक्टर होतो. धानाची कापणी उरकून खळ्यांवर मळणी सुरू झाली होती. एका सकाळी रोजनामचा पाहून मी हजेरीला उठतो आहे, तोच ठाण्यासमोर एक मोठी लॉरी येऊन थांबली. मागे दोन चाकांच्या गाड्यावर लादलेली होडी होती. आमच्या भागात डोंगे सगळ्यांनी पाहिलेले, पण रस्त्यावरून चाललेली होडी कुणी पाहिली नव्हती. हवालदारासकट सगळं ठाणं बाहेर आलं.

लॉरीतून गोंदियाचे एक लाकडाचे ठेकेदार उतरले. आपण त्यांना शेठजी म्हणू. बरोबर त्यांचे साडू होते. शेठजींनी ड्रायव्हरला दंडाला धरून माझ्यासमोर उभं केलं.

“दरोगाजी, इसको अंदर करो. हमारी मोटर बेच खाई इसने.”

हकीगत अशी होती. होडी शेठजींनी लिलावात घेतली होती. तिच्या मागच्या फळीला पंख्याची एक मोटर अडकवलेली होती. आउटबोर्ड मोटर हे तिचं नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. नवेगावच्या तलावात बदकांच्या शिकारीला जायचं म्हणून मंडळी आदल्या दिवशी निघाली होती. अंधार पडल्यावर फाट्याजवळ लॉरीचं चाक पंक्चर झालं. पुढे एका ओळखीच्या घरी मुक्काम केला. सकाळी निघताना पाहतात तर होडीची मोटर जागेवर नाही. मुक्कामाला लॉरीपाशी ड्रायव्हर एकटाच होता, म्हणून मोटर त्यानेच विकली, असं शेठजींचं म्हणणं.

फिर्याद आली की नोंदवून घ्यावीच लागते. ती मी नोंदवली आणि ड्रायव्हरला आत वेगळं बसवून विचारपूस सुरू केली. हा मनुष्य केशोरीकडचा. लष्करात गाडी चालवून परत आलेला, वय तिशीच्या आतबाहेर. रडला नाही, पण घाबरला होता.

“मोटर कुठे आहे?”

“मले मालूम नाई साहेब. मी कायले इकू? अन् घेईन कोन? कोनाच्या घरी होडी हाय इथं?”

हा मुद्दा माझ्याही मनात आला होता. पण जुन्या लोखंडालाही गिऱ्हाईक मिळत असे. तो आपणहून पुढे म्हणाला, “पन एक गोष्ट सांगतो. मोटरीचा टेका बी नाई जाग्यावर.”

“कसला टेका?”

त्याने मला बाहेर नेऊन दाखवलं. मोटरीचा सगळा भार होडीच्या मागच्या फळीवर लोंबत असतो. पाण्यात काही होत नाही. पण गाड्यावर लादून खडबडीत रस्त्याने नेताना ती खालीवर आपटते आणि फळी सैल होत जाते. म्हणून त्याने सागाचं एक बेचक्याचं लाकूड तोडून आणलं होतं. एक टोक गाड्याच्या लोखंडी चौकटीवर, बेचकं मोटरीच्या पायाखाली, आणि वरून ट्यूबच्या पट्टीने सगळं आवळून बांधलेलं.

“निंगताना मी सोताच्या हातानं बांधला होता जी.”

शेठजी बाजूला उभे राहून ऐकत होते. ते हसले. “वाह! चोर लकड़ी भी साथ ले गया?”

मी फळी नीट पाहिली. ती वरच्या कडेला चिरून बाहेरच्या बाजूला तुटली होती, आणि मोटरीचे शिकंजे, म्हणजे तिला फळीवर आवळणाऱ्या पकडी, जिथे बसत तिथे लाकडावर मागे घसरल्याचे दोन ओरखडे होते. चोर शिकंज्याचे स्क्रू सैल करून मोटर उचलतो, त्याला फळी फोडण्याचं कारण नाही. मोटर पडली असावी असं माझं मन म्हणू लागलं. पण मनाचं म्हणणं केस डायरीत लिहिता येत नाही. मोटर मिळेपर्यंत संशयित तोच होता, आणि लवकर काही हाती लागलं नसतं तर मला त्याला अटक करून मॅजिस्ट्रेटपुढे उभं करावं लागलं असतं.

दुपारी जवळच्या गावचा कोतवाल धापा टाकत आला. “साहेब, आमच्या पाटलानं धाडलं. धानाच्या बांधीत इमानाचा पंखा पडला हाय.”

लढाईच्या दिवसांत आमच्या डोक्यावरून विमानं जात असत, त्यामुळे ठाण्यात कुणी हसलं नाही. मी हवालदाराला आणि ड्रायव्हरला बरोबर घेऊन निघालो.

पाटील म्हणजे पवार समाजातले एक वयस्क शेतकरी. खळ्याच्या कुंपणाबाहेर शंभरेक माणसं जमली होती आणि हे फाटकात काठी घेऊन उभे होते. कुणाला आत सोडत नव्हते. आम्हाला पाहून त्यांनी धानाच्या तणसाचा ढीग बाजूला सारला. खाली पोत्यावर मोटर आडवी ठेवलेली होती. वरचा चिखलही पुसलेला होता.

ड्रायव्हर मोटरीपाशी बसला आणि त्याने तिच्यावर हात ठेवला.

“कुठे सापडली?” मी विचारलं.

“सडकेखालच्या बांधीत, धुऱ्याले टेकून पडली होती,” पाटील म्हणाले. “लोकं म्हणून राहिले होते, सरकारी माल हाय, घरी ठेवसान तं बेड्या पडतीन. इहिरीत टाकून द्या म्हणे.”

“मग टाकली काऊन नाही?”

त्यांनी माझ्याकडे जरा रागानेच पाहिलं. “टाकली असती तं मी सुटलो असतो. पन ज्याच्या हातून पडली, त्याच्यावर आळ आला असता ना साहेब!”

ड्रायव्हर तेव्हा रडला.

मोटर घेऊन ठाण्यावर आलो. शेठजींचा राग उतरेना. “इसीने गिराई होगी, बाद में उठाने के लिए.” टेक्याचं लाकूड मिळाल्याशिवाय त्यांचं तोंड बंद होणार नव्हतं. पंक्चर झालं होतं ती जागा ड्रायव्हरने दाखवली, तिथे शेठजी आणि साडूंनाही नेलं. सडकेच्या कडेला गवतात ते सागाचं बेचकं पडलेलं होतं. एका बाजूला चाकाने दाबल्याची खूण होती. ट्यूबची पट्टी अजून त्याला लटकत होती. ती तुटलेली नव्हती. धारदार सुरीने एका घावात कापलेली होती.

ड्रायव्हरच्या अंगझडतीत सुरी निघाली नव्हती. शिकारीची सुरी साडूंच्या कमरेला होती. मी तिच्याकडे नुसतं पाहिलं. विचारलं काहीच नाही. ते चाळिशीचे, अबोल गृहस्थ होते. शेठजींच्याच पेढीवर नोकरी करत आणि त्यांच्याच घरी राहत. 

“मैंने काटी,” ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून मराठीत, “चाक बदलताना मागचा गाडा सरकून राहिला होता. ड्रायव्हर पाणी आणायला नाल्यावर गेलता. मी हे लाकूड काढून चाकाखाली लावलं. मंग इथंच राहून गेलं.”

“सकाळी काऊन नाही बोललात?”

“हिंमत नाही झाली साहेब. आता या माणसाचे डोळे पाहावत नाहीत.”

शेठजींचा चेहरा लाल झाला. आता ते साडूंवर तुटून पडणार असं मला वाटलं. पण ते लॉरीच्या पायरीवर जाऊन बसले. बऱ्याच वेळाने त्यांनी ड्रायव्हरला हाक मारली आणि स्वतः जरा सरकून त्याला शेजारी जागा दिली. तो आधी बसेना. शेवटी बसला. काय बोलणं झालं ते मी ऐकलं नाही. ऐकायचं नव्हतंही.

चोरी झालीच नाही, फिर्याद गैरसमजाने दिली गेली, असा अहवाल मी पाठवला. साडूंची नोकरी टिकली, हे पुढे गोंदियात कळलं तेव्हा बरं वाटलं.

तपास आपण करतो असं नव्या अधिकाऱ्याला वाटतं. मलाही वाटत असे. तुटलेली फळी मी वाचली, कापलेली पट्टी ओळखली, एवढं माझं काम. पण पाटलांनी मोटर विहिरीत टाकली असती, तर त्या फळीचा काही उपयोग नव्हता. साडू गप्प बसले असते, तर पट्टी कुणाच्या सुरीने कापली हे सिद्ध करणं मला जमलं नसतं. दोघांनाही गप्प राहण्यातच फायदा होता, आणि दोघेही बोलले. नंतर कुठल्याही गावात तपासाला गेलो की मी आधी हेच शोधायचो, की इथे स्वतःचं नुकसान होत असतानाही खरं बोलणारा माणूस कोण आहे. प्रत्येक वेळी मिळाला असं नाही. पण जितक्या वेळा मिळाला, तितक्या वेळा एखादा निरपराध माणूस संध्याकाळी आपल्या घरी जेवला. त्या माणसांचे आभार खात्याने कधी मानले नाहीत. ते मी आज मानतो.